दुसरं तोंड

शाल अजून पिशवीतच आहे, घडी न मोडता.
घड्याळही, सेल न घातलेलं.
काचेवर छापलंय 'उत्कृष्ट नेतृत्व'
आणि खाली मी: शैलजा गायखे, प्रेस शॉप, बी शिफ्ट.
आडनावातला य जरा पुसट उमटलाय.
टाळ्या वाजल्या. मीही थोड्या वाजवल्या,
सवयीने.

सातपूरहून घरी निघालेली मी
रिक्षावाल्याला म्हटलं, गंगेवर चला.

धरणातून पाणी सोडलंय.
लोक कणसं खात पूर बघतायत.
एक पोरगं बापाच्या खांद्यावरून ओरडतं,
"मारुतीच्या गुडघ्याला लागलं!"
बाप म्हणतो, "कमरेला लागू दे, मग बोल."
आमच्याकडे पूर असाच मोजतात.
क्युसेकमध्ये सांगितला तर कुणाला पटत नाही.

दोन तोंडांचा मारुती.
एक पाणी येतं तिकडे, एक जातं तिकडे.
लहानपणी मी आईला विचारलं होतं,
हा जेवतो कुठल्या तोंडाने?
आई म्हणाली, गप.

मलाही दोन आहेत.
एक वरच्या मजल्यावर बोलतं,
"होऊन जाईल सर, माझी पोरं आहेत."
दुसरं खाली, लाइनवर,
"मी काय करू, वरूनच आलंय."
चौदा वर्षं या दोन वाक्यांवर निभावलं.
कुणी दुतोंडी म्हटलं नाही.
म्हणाले, मॅडमना माणसं सांभाळता येतात.

सात नंबरच्या प्रेसचा सेन्सर
दर वीस मिनिटांनी मशीन थांबवायचा.
मार्चएंड होता.
तार जोडून टाक, असं मी म्हटलं नव्हतं.
मी म्हटलं होतं, "बघ बाबा काहीतरी."
एकनाथ बेंडकोळी, पेठचा, वय बावीस,
त्याने बघितलं काहीतरी.

उजव्या हाताची दोन बोटं, दुसऱ्या पेरापासून.
ईएसआयच्या दारात त्यानेच मला विचारलं,
"मॅडम, टार्गेट गेलं का?"

हे मी पाच महिने कुणाला सांगितलेलं नाही.

अपघात-नोंदवहीत कारणाचा रकाना
दीड इंचाचा असतो.
मी लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.
अक्षर माझं चांगलं आहे, शाळेत बक्षीस होतं.
एकही खाडाखोड नाही.
त्या रात्री झोप उडाली असं म्हणायला बरं वाटेल.
उडाली नव्हती. छान लागली होती.
तीच आज टोचतेय, ती झोप.

पाणी चढतंय.
शेजारची बाई म्हणते, अजून सोडणारेत म्हणे.
मारुती हलत नाही.
दगडच तो, हलेल कसा.
पण त्याच्या दोन तोंडांना कुणी खोटं म्हणत नाही,
कारण दोन्ही तोंडांखाली पाय तेच आहेत
आणि ते पाण्यात आहेत.
माझ्या पायात नवी चप्पल, कार्यक्रमासाठी घेतलेली.
तिला थेंबही लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शिफ्टच्या आधी, नोंदवही मागितली.
सेफ्टीचे तिदमे म्हणाले,
"आता कशाला उकरताय? बक्षीससुद्धा झालं."
जुनी ओळ एका रेघेत खोडली, वाचता येईल अशी.
वर लिहिलं,
सेन्सर बंद होता. मला माहीत होतं.
बंद व्हावा असं मीच बोलले होते, न बोलता.
रकाना पुरला नाही, समासात गेले.
अक्षर वाईट आलं. सही केली.

एकनाथ आता पॅकिंगला बसतो.
डाव्या हाताने नाव गिरवतो खोक्यांवर.
त्याला वाचून दाखवलं.
तो काही बोलला नाही.
थोड्या वेळाने म्हणाला,
"समासातलं परत वाचा."

सात नंबर सव्वातीनला सुरू झाली.
तीन पस्तीसला थांबली.
पोरं माझ्याकडे बघायला लागली,
आता कुठलं तोंड उघडतंय ते.
टेबलावर फोन वाजत होता, वरच्या मजल्याचा.

मी म्हटलं, थांबू दे.